शिष्येचा गौरव व गुरूचें विस्मरण

पदवीदानसमारंभाचा थाट आमच्याकडे आतां ठरून गेलेला आहे. मांडव, झगे, बिल्ले, प्रमुख पाहुण्यांचें लांबलचक भाषण, छायाचित्रें आणि शेवटीं चहापान. ज्या विद्यार्थ्याचा हा दिवस त्याच्या हातीं सनद पडते. ज्या पाहुण्यानें त्यास पूर्वीं कधीं पाहिलें नाहीं व पुढेंही पाहण्याचा संभव नाहीं त्याच्या गळ्यांत हार पडतो. आणि ज्यानें तीन-चार वर्षें त्या विद्यार्थ्याच्या चुका तांबड्या शाईनें दुरुस्त केल्या तो अध्यापक बहुधा मांडवाच्या दाराशीं उभा राहून पालकांस जागा दाखवीत असतो. आम्ही हें थट्टेनें लिहीत नाहीं. ज्यांचीं मुलें-मुली पदवीधर झालीं आहेत त्या वाचकांनीं आपापली आठवण ताडून पाहावी. शिष्य आणि गुरु या दोघांचा मान एकाच दिवशीं, एकाच व्यासपीठावर व्हावा, ही गोष्ट आमच्या परंपरेंत नवी नाहीं असें आम्ही तोंडानें म्हणतों; व्यवहारांत मात्र ती उरलेली नाहीं. या संबंधानें महाराष्ट्राच्या इतिहासांतील एका पदवीदानाची हकीगत आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. हकीगतीचा अर्धा भाग सर्वांस पाठ आहे. उरलेल्या अर्ध्याकडे आमचें लक्ष गेलेलें नाहीं.

तारीख ११ मार्च १८८६. स्थळ अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहर. पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा पदवीदानसमारंभ. त्या दिवशीं एम. डी. ही पदवी घेणाऱ्या तरुणींत आनंदीबाई जोशी होत्या व त्यांस एकविसावें वर्ष पुरें होण्यास अद्याप वीस दिवस अवकाश होता. नवव्या वर्षीं लग्न, चौदाव्या वर्षीं मातृत्व, अवघ्या दहा दिवसांत मूल गेलेलें, पतीचा शिकविण्याचा हट्ट व त्या हट्टापायीं सोसलेला जाच, श्रीरामपूरच्या सभागृहांत १८८३ सालीं इंग्रजींत दिलेलें धीट व्याख्यान, परदेशगमनास स्वजातीचा विरोध, हें सर्व पुन्हां सांगत बसत नाहीं. त्यांचीं चरित्रें निघालीं, कादंबरी झाली, नाटक-चित्रपट झाले, शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांचें नांवही मिळालें. गोपाळरावांच्या स्वभावाविषयीं तर आमच्या घराघरांतून वाद होतात. पण ज्या हातांनीं ती सनद आनंदीबाईंस मिळूं शकली, ते हात कोणाचे, असें विचारलें तर शंभरांत दहा जण तरी उत्तर देतील कीं नाहीं याची शंका आहे.

त्या बाईंचें नांव रेचल बोडली. जन्म १८३१ सालीं सिनसिनाटी शहरीं. विषय मूळचा वनस्पतिशास्त्र व पुढें रसायनशास्त्र. १८६५ सालीं त्या वरील महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या अध्यापिका झाल्या आणि १८७४ पासून मरेपर्यंत तेथील डीन होत्या. रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टली यानें प्राणवायूचा शोध लावल्यास १८७४ सालीं शंभर वर्षें झालीं, तेव्हां अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञांनीं एकत्र जमून तो दिवस साजरा करावा ही सूचना याच बाईंची. त्या मेळाव्यांतून दोन वर्षांनीं अमेरिकन केमिकल सोसायटी उभी राहिली. एका स्त्रीनें सुचवावें व पुरुषांनीं त्यावर जगांतील एक मोठी शास्त्रीय संस्था उभारावी, ही गोष्ट त्या काळच्या मानानें लहान नव्हे. परंतु आम्हांस त्यांचें दुसरें एक काम अधिक मोलाचें वाटतें. स्त्रिया डॉक्टर होऊन पुढें काय करतात, संसारांत पडून विद्या टाकून देतात, त्यांचा धंदा चालत नाहीं, असे आक्षेप जेव्हां सर्रास घेतले जात, तेव्हां बोडलीबाईंनीं वाद घातला नाहीं. महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या स्त्रियांस त्यांनीं प्रश्न लिहून पाठविले: व्यवसाय चालू आहे काय, मिळकत किती, लग्नानें कामास बाध आला काय? आलेल्या उत्तरांचा गोषवारा त्यांनीं १८८१ च्या पदवीदानसमारंभांत भर सभेंत मांडला. आमच्या व्यापारी बंधूंस या पद्धतीचें मर्म सांगावयास नको. लोक पेढी बुडाली म्हणूं लागले तर शहाणा मालक भांडत बसत नाहीं. तो खातेवही उघडून पुढें ठेवतो.

हें महाविद्यालय सुखासुखी उभें राहिलेलें नव्हतें. १८५० सालीं क्वेकर पंथाच्या कांहीं गृहस्थांनीं तें काढलें. १८५१ च्या अखेरीस पहिल्या आठ स्त्रिया पदवीधर झाल्या. १८५८ सालीं फिलाडेल्फियांतील डॉक्टरांच्या मंडळीनें ठराव केला कीं आपल्यापैकीं कोणीं या स्त्री-डॉक्टरांशीं सल्लामसलत करूं नये. बहिष्काराचें शस्त्र केवळ आमच्याच पंचांपाशीं आहे असें समजणाऱ्यांनीं याची नोंद घ्यावी. १८६९ च्या नोव्हेंबरांत या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी शहरांतील मोठ्या रुग्णालयांत शिकवणीस गेल्या, तेव्हां पुरुष विद्यार्थ्यांनीं त्यांची हुर्यो केली व त्यांच्या अंगावर तंबाखूच्या पिंका टाकल्या. पुण्यांत फुले दांपत्यानें मुलींची शाळा काढली ती १८४८ सालीं. म्हणजे सावित्रीबाईंच्या लुगड्यावर शेण उडविणारी आणि फिलाडेल्फियांत पिंका टाकणारी, अशी या दोन्ही मंडळी एकाच काळच्या व एकाच बुद्धीच्या. फरक इतकाच कीं तेथल्या मंडळीनें वैद्यकशास्त्र वाचलेलें होतें.

अशा संस्थेच्या दारांत १८८३ च्या जूनमध्यें एक पत्र येऊन पडलें. लिहिणारी अठरा वर्षांची ब्राह्मण स्त्री. मिशनरी बायकांच्या सोबतीनें कलकत्त्याहून निघून ती नुकतीच अमेरिकेस पोंचली होती आणि न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंच्या घरीं उतरली होती. या कार्पेंटरबाईंनीं दंतवैद्याच्या दिवाणखान्यांत वाट पाहत असतां एका मिशनरी मासिकांत या जोडप्याची हकीगत वाचली व तेथून स्नेह जडला, ही कथा वाचकांस ठाऊक असेलच. पत्र लिहिणारीजवळ कोणत्याही शाळेचें प्रमाणपत्र नव्हतें. हातांत पैसा जेमतेम. शिक्षण झालें तें घरीं, पतीच्या धाकांत. आपल्या देशांतील स्त्रिया पुरुष वैद्यास अंग दाखविण्यापेक्षां मरण पत्करतात, त्यांच्यासाठीं मला शिकावयाचें आहे आणि विरोध सोसून मी येथवर आलें हीच माझी लायकी समजावी, एवढाच काय तो त्या अर्जाचा आधार. आमच्याकडील एखाद्या कचेरींत हा अर्ज आला असता तर त्याचें काय झालें असतें? एक दाखला कमी म्हणून परत, दुसरा दाखला जोडला तर मुदत संपली म्हणून परत. फिलाडेल्फियांत तो मान्य झाला, शिष्यवृत्तीही मिळाली आणि ऑक्टोबरांत अभ्यास सुरू झाला.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण ती झांकली तर सत्यास बाध येतो. बोडलीबाई श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या आणि हिंदुस्थानाविषयीं त्यांची आस्था मिशनच्या वाटेनें आलेली होती. बरेली येथें १८७० सालीं येऊन स्त्रियांस औषधोपचार करूं लागलेल्या क्लारा स्वेन या त्यांच्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. तथापि आनंदीबाईंस प्रवेश देतांना धर्मांतराची अट घालण्यांत आली नाहीं. ज्या मिशनरी गृहस्थांकडे गोपाळरावांनीं प्रथम मदत मागितली होती त्यांस तीच गोष्ट अगोदर हवी होती. आनंदीबाई हिंदु म्हणून गेल्या व हिंदु म्हणूनच परत आल्या. लुगडें नेसून, शाकाहार सांभाळून त्या शिकल्या. त्यांच्या वेळीं त्याच महाविद्यालयांत एक जपानी व एक सिरियाची अशा दुसऱ्याही दोन परदेशी स्त्रिया शिकत होत्या. १८८५ च्या ऑक्टोबरांत तिघींनीं आपापल्या देशचा पोशाख करून एकत्र काढविलेलें छायाचित्र आजही पाहावयास मिळतें. विद्या देणाऱ्यानें घेणाऱ्याचा वेश, अन्न व देव यांवर कर बसवूं नये, हें जितकें त्या डीनबाईंस कळलें तितकें आमच्यांतील पुष्कळ संस्थाचालकांस अद्याप कळावयाचें आहे.

आणखी एक बारीकशी गोष्ट आम्हांस फार लक्षांत राहण्यासारखी वाटते. पदवीसाठीं प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनीं विषय घेतला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा, आणि त्यांत अमेरिकन पाठ्यग्रंथांबरोबर आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांचेही आधार घेतले. तो विषय त्यांस घेऊं दिला गेला, ही मोठी गोष्ट आहे. शिष्य आपणांजवळ नसलेलें कांहीं ज्ञान घेऊन येऊं शकतो, हें मान्य करणारा गुरु विरळा.

आतां त्या दिवसाकडे वळूं. समारंभास गोपाळराव हजर होते. दुसरी एक पाहुणी थेट इंग्लंडांतून आली होती. पंडिता रमाबाई त्या वेळीं चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत होत्या. आनंदीबाईंशीं त्यांचें लांबचें नातें. शिष्येला पदवी मिळणार, तर तिच्या देशचें, तिच्या आप्तांपैकीं कोणी समोर असावें, म्हणून रमाबाईंस अमेरिकेचें आमंत्रण गेलें आणि तें धाडणाऱ्या बोडलीबाईच. मुलगी मनोरमा हिला घेऊन रमाबाई मार्चच्या आरंभीं फिलाडेल्फियास उतरल्या. एक विधवा विदुषी व एक नवी डॉक्टरीण, दोघीही महाराष्ट्राच्या, सातासमुद्रांपलीकडे एका सभागृहांत. हा योग जुळवून आणला तो एका रसायनशास्त्राच्या अध्यापिकेनें. राणी व्हिक्टोरियाकडून अभिनंदनाचा संदेश आला याची आमच्या लोकांस फार मातबरी. बोडलीबाईंचें हें आमंत्रण-पत्र त्याहून किती फलदायी झालें तें पाहावें.

रमाबाई समारंभासाठीं गेल्या त्या अमेरिकेंतच दोन-अडीच वर्षें राहिल्या. १८८७ सालीं फिलाडेल्फियांत त्यांचें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींचें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालें व त्यास प्रस्तावना बोडलीबाईंनीं लिहिली. पुस्तक खपलें, व्याख्यानें झालीं, बोस्टन येथें मंडळ स्थापन होऊन निधि जमला. त्या निधीवर मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन निघालें. दिवस कोणता? ११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीस बरोबर तीन वर्षें झालीं होतीं. या सदनाच्या अगदीं पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची बालविधवा होती. फर्ग्युसन कॉलेजांतील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं तिच्याशीं पुनर्विवाह केला. त्या विवाहानें कर्व्यांवर बहिष्कार आला. पुढें १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ उभें राहिलें. लग्नानंतर गोदूबाईंचें नांव आनंदीबाई झालें, हा योगायोग मोठा गोड आहे, पण त्याचा फार अर्थ काढीत बसूं नये. शारदासदनावरून पुढें धर्मांतराचें वादळ उठलें तेंही खरें. एका आमंत्रणानें महिला विद्यापीठ झालें असें म्हणणें म्हणजे अतिशयोक्ति. परंतु मधली एक कडी तें आमंत्रण होतें, एवढें कबूल करण्यास हरकत नाहीं.

गुरूच्या हातीं केवढें असतें हें उलट बाजूनेंही पाहतां येतें. एडिंबरो विद्यापीठांत एडिथ पीची नांवाची विद्यार्थिनी होती. तिचा गुणाचा विषय रसायनशास्त्रच. १८७० सालीं परीक्षेंतील गुणांनीं ती होप शिष्यवृत्तीस पात्र ठरली. पण पुरुष विद्यार्थी चिडतील या भयानें प्राध्यापकानें ती तिला न देतां तिच्याखालच्या पुरुषांस दिली. सबब अशी कीं स्त्रियांचा वर्ग निराळा भरत असे. एकाच शास्त्राचे दोन अध्यापक; एकानें आपल्या शिष्येच्या हातांतलें काढून घेतलें, दुसरीनें समुद्रापलीकडून आलेल्या मुलीच्या रिकाम्या हातांत घातलें. या पीचीबाई अखेर बर्न येथें पदवी घेऊन १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या आणि स्त्रियांच्या नव्या रुग्णालयाचें काम त्यांनीं अंगावर घेतलें. रखमाबाईंस इंग्लंडांत पाठवून वैद्यक शिकविण्याच्या कामीं त्यांनीं जो पुढाकार घेतला तोही प्रसिद्ध आहे.

त्यांस मुंबईस आणलें कोणीं, हा भाग आमच्या पेठेंतील वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावा. मुंबईंत प्रथम घोड्यांच्या ट्राम चालविणाऱ्यांपैकीं किट्रेज नांवाचे एक अमेरिकन व्यापारी होते. त्यांनीं व सोराबजी शापूरजी बंगाली यांनीं मिळून हिंदुस्थानांतील स्त्रियांच्या औषधोपचारासाठीं निधि उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनीं लाखाहून अधिक रुपये देऊन रुग्णालय बांधविलें. त्याची कोनशिला १८८३ सालीं बसली व १८८६ सालीं तें उघडलें. या खटपटीनेंच ग्रँट मेडिकल कॉलेजाचीं दारें त्या सुमारास स्त्रियांस मोकळीं झालीं. म्हणजे आनंदीबाई फिलाडेल्फियास अर्ज लिहीत होत्या त्याच वर्षीं, मुंबईंतील व्यापाऱ्यांनीं पुढच्या मुलींस समुद्र ओलांडावा लागूं नये अशी तजवीज चालविली होती. ट्रामचा धंदा करणाऱ्या माणसास हें सुचलें. त्यानें मांडव घालून सत्कार केला नाहीं. त्यानें डॉक्टर आणली, आणि तिच्या पगाराची व्यवस्था केली.

नेमक्या याच ठिकाणीं आमचें दातृत्व आज आडवाट धरतें. वडिलांच्या नांवें सुवर्णपदक ठेवणारे दाते मुबलक आहेत. पदक ज्याला मिळतें तो बहुधा पदकावांचूनही पुढें जाणाराच असतो. फी भरण्यापाशीं अडलेल्या मुलीसाठीं, अथवा जिच्याजवळ कागद कमी पण जिद्द पुष्कळ आहे अशीसाठीं निधि ठेवणारे थोडे. आणि शिक्षकांच्या वांट्याला काय येतें? महाविद्यालयांतून आज कित्येक अध्यापक तासिकेच्या हिशेबानें राबतात. तास झाला तर पैसे, सुट्टी आली कीं पैसे बंद. शिक्षकदिनीं त्यांस गुलाबाचें फूल मिळतें. कोणी म्हणेल, शिक्षकास पगार मिळतो, त्याचा आणखी मान तो कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्यांस आमची विनंती अशी कीं बोडलीबाईंसही पगार मिळत होता. पण रोझेलहून आलेल्या त्या कोऱ्या अर्जास होकार द्यावा असें त्या पगाराच्या करारांत कोठेंही लिहिलेलें नव्हतें.

अमेरिकेंत पदवीदानसमारंभास जो शब्द वापरतात त्याचा अर्थ 'आरंभ' असा आहे. आनंदीबाईंचा तो आरंभ साडेअकरा महिने टिकला. कोल्हापूर दरबारानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांस देऊं केली होती. ती त्यांनीं पत्करली होती. क्षयानें पोखरलेलें शरीर घेऊन १८८६ च्या नोव्हेंबरांत त्या मुंबईस उतरल्या व २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत वारल्या. कोल्हापूरच्या खाटेवरील एकाही बाईची नाडी त्यांच्या हातीं आली नाहीं. त्यांच्या अस्थि कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथील त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवल्या गेल्या. बोडलीबाईही फार दिवस मागें राहिल्या नाहींत. १५ जून १८८८ रोजीं त्यांचा अंत झाला. शारदासदन उघडलेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. त्यांचें महाविद्यालय १९७० सालीं पुरुषांसही खुलें झालें व पुढें फिलाडेल्फियांतील ड्रेक्सेल विद्यापीठांत विलीन झालें. आनंदीबाईंचा तो अर्ज तेथील दप्तरांत जपून ठेवलेला आहे.

आमची सूचना मोठी नाहीं. ज्या विद्यार्थ्याचा पदवीदानांत विशेष गौरव व्हावयाचा त्यास महिनाभर आधीं विचारावें कीं तुझ्या या यशांत कोणा एका शिक्षकाचा वांटा तूं मानतोस. तो शिक्षक महाविद्यालयाचा असो, खेड्यांतील प्राथमिक शाळेचा असो कीं सेवानिवृत्त होऊन घरीं बसलेला असो. त्यास रीतसर पत्र धाडून बोलवावें, शिष्याच्या शेजारीं व्यासपीठावर बसवावें आणि सनद देतांना दोघांचींही नांवें वाचावींत. प्रमुख पाहुण्यांचें भाषण तेवढें दहा मिनिटांनीं आवरावें, म्हणजे वेळेचा प्रश्न सुटेल. राहिला खर्च, तो कांहीं खुर्च्यांचा, टपालहंशिलाचा व बाहेरगांवच्या शिक्षकांच्या जाण्या-येण्याच्या भाड्याचा आहे, आणि तेवढा उचलण्यास आपल्या बाजारपेठेंतील एखादी मध्यम पेढीही पुरेशी आहे.